कोवळे सूचिपर्णी झाड रुजवताना: लावणी, पाणी आणि पहिली छाटणी

गुलाब किंवा जास्वंद सांभाळून ज्याचा हात बसला आहे, त्याच्या मनात छाटणीचा एक साधा हिशेब पक्का असतो: कापले की फुटते. सूचिपर्णी झाडांपुढे हा हिशेब चालत नाही. पाइन, स्प्रूस, फर, देवदार, सायप्रस यांच्या जुन्या, हिरवाई गळून गेलेल्या लाकडात फुटायला तयार असलेले डोळे जवळपास नसतातच. तिथे कात्री लावली की खुंट उरतो, वाळतो, आणि ती जागा उघडी पडते ती पडतेच. म्हणून या झाडांची छाटणी शिकायची तर आधी कुठे कापायचे नाही ते शिकावे लागते. आणि नव्याने लावलेल्या झाडाच्या बाबतीत तर पहिल्या वर्षाचे खरे काम कात्रीचे नाहीच; ते पाण्याचे आणि मुळांचे आहे.

मी स्वतः पहिल्यांदा पाइनचे रोप लावले तेव्हा ते एका बाजूला जास्त पसरलेले दिसले म्हणून दोन फांद्या अर्ध्यावर, सुया नसलेल्या भागात कापल्या. बाजूने फुटवे येतील या भरवशावर दोन हंगाम वाट पाहिली. ते खुंट तसेच वाळून गेले. त्यानंतर प्रत्येक सूचिपर्णी झाडासमोर उभे राहिल्यावर मी आधी एकच गोष्ट शोधतो: जिवंत हिरवाई कुठे संपते. ती रेघ दिसेपर्यंत कात्री खिशातच ठेवायची.

आधी झाड ओळखा

छाटणीच्या दृष्टीने या झाडांचे ढोबळ तीन गट पडतात आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

पहिला गट मजल्यांनी वाढणाऱ्यांचा: पाइन, स्प्रूस, फर आणि कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारा अरोकेरिया. यांच्या फांद्या खोडाभोवती चक्रासारख्या एकाच पातळीवर येतात, मग काही अंतर मोकळे खोड, मग पुढचे चक्र. थंड हवेतल्या पुष्कळ पाइनना वर्षाला एकच मजला चढतो, त्यामुळे कोवळ्या झाडाचे वय मजले मोजून अदमासता येते. या गटाला चुकीचा काप सगळ्यात महाग पडतो.

दुसरा गट खवल्यांच्या पानांचा: थुजा (आपली मोरपंखी याच्याच जवळची), सायप्रस, जुनिपर. यांना ठरावीक मजले नसतात. हिरव्या भागात कुठेही हलके कापले तरी बाजूने फुटवे येतात. मात्र आतला काळोखा, तपकिरी भाग यांच्यातही मेलेलाच असतो. हिरवे कवच ओलांडून कात्री आत गेली की पडलेले भोक भरून यायची आशा फारशी धरू नये.

तिसरा गट क्षमाशील झाडांचा, आणि तो लहान आहे: यू, पोडोकार्पस, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा रेडवूड. हे जुन्या लाकडातूनही फुटतात. यूची दाट, कापून आकार दिलेली कुंपणे शतकानुशतके टिकतात ती याच गुणामुळे. पण यूची पाने, साल आणि बिया विषारी असतात. लहान मुले किंवा गुरे असतील तिथे कापलेला पाला क्षणभरही पडू देऊ नका.

देवदार कुठल्याच खणात नीट बसत नाही. त्याच्या सुया लहान झुपक्यांत येतात आणि फांद्या अनियमित. कापताना मात्र त्याला पहिल्या गटासारखेच जपावे.

दोन गैरसमज इथेच दूर केलेले बरे. सुरूची झाडे दिसायला सूचिपर्णी वाटतात, पण सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरापेरांच्या बारीक हिरव्या डहाळ्या असतात, आणि या लेखातले नियम त्याला लागू नाहीत. उलट लार्च, मेटासिक्वोइया आणि बाल्ड सायप्रस हे खरे सूचिपर्णी असूनही थंडीत पार निष्पर्ण होतात. पहिल्याच हिवाळ्यात मेले समजून ते उपटले जाऊ शकतात, म्हणून आपण काय आणले आहे ते लिहून ठेवा.

रोप निवडताना वर कमी, खाली जास्त पाहा

रोपवाटिकेत नजर हिरव्यागार शेंड्याकडे जाते. ती मुळांकडे न्या. पिशवीतून किंवा कुंडीतून रोप अलगद बाहेर काढून हुंडी (मुळांसकट मातीचा गोळा) पाहू द्या, असे सरळ सांगा. मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी, टोके ताजी, आणि हुंडी न फुटता एकसंध राहील इतपतच विणलेली असावीत. कुंडीच्या भिंतीला धरून दोरखंडासारखी गोल फिरलेली जाड मुळे दिसली तर दुसरे रोप मागा. ही मुळे जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाहीत. ती त्याच वळणात जाड होत जातात, आणि काही वर्षांनी वाढत्या खोडाला गळफास बसतो किंवा जोराच्या वाऱ्यात झाड बुडातून फिरते.

वर पाहायचे ते एवढेच: मुख्य शेंडा एकच आणि शाबूत असावा, शेंड्यावरची कळी टपोरी असावी, गेल्या वर्षीच्या सुया टवटवीत असाव्यात. सुया हलक्या हाताने ओढल्यावर मुठीत येत असतील, तर ते रोप पाण्यावाचून राहिलेले आहे.

उंच रोप घ्यायचा मोह होतो. मी लहान घ्या म्हणेन. उंच झाड खणून काढताना त्याची बरीचशी मुळे मागे राहतात, आणि ती भरून काढण्यात त्याची वर्षे जातात. गुडघ्याएवढे निरोगी रोप त्याला पुष्कळदा गाठते. आणि पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर किती होईल ते आधी विचारा. भिंतीपाशी लावलेल्या झाडाच्या फांद्या पुढे मागे रेटाव्या लागतात, आणि मागे रेटणे हेच या झाडांना सोसत नाही.

खड्डा

लावायच्या जागी आधी ३० सेंमी खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा आणि पातळी किती वेगाने उतरते ते पाहा. तासाला २ ते ३ सेंमी उतरत असेल तर निचरा ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेले दिसले तर तिथे खड्ड्यात लावू नका. मातीचा रुंद उंचवटा करून त्यावर लावा किंवा जागा बदला. रुजलेली सूचिपर्णी झाडे कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतात, पण मुळांशी साचलेले पाणी, त्यात मुळांचे गुदमरणे आणि मागोमाग येणारी मूळकूज यांतून ती क्वचितच सावरतात. बाल्ड सायप्रससारखा अपवाद दलदलीत वाढतो, पण तो अपवादच.

लावणीचा खड्डा हुंडीच्या दोन ते तीन पट रुंद असावा आणि खोली हुंडीएवढीच, उलट बोटभर कमी चालेल. खाली भुसभुशीत भर घातली की ती दबते आणि झाड खचते. खोलीबाबत सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे खोडाचा पाया: जिथे खोड रुंदावून मुळांत उतरते ती जागा. लावून झाल्यावर ही जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. कुंडीतल्या रोपांत ती बरेचदा ५ ते १० सेंमी मातीखाली गाडलेली असते. वरची माती बोटांनी सारून पहिले जाड मूळ शोधा आणि तिथून खोली मोजा. खोल लावलेले झाड एका दिवसात मरत नाही. ते वर्षानुवर्षे खुरटत राहते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

कुंडीत मुळे थोडी फिरलेली असतील तर धारदार सुरीने हुंडीची बाहेरची १ ते २ सेंमीची साल चारही बाजूंनी आणि तळाशी तासून टाका. हात कचरतो, पण नवी मुळे या कापांपासून बाहेरच्या दिशेने फुटतात. हे मूळ-कापणे मात्र रोप नीट भिजलेले असताना आणि सावलीत करावे. गोणपाटात बांधलेली मोठी हुंडी असेल तर ती खड्ड्यात बसवून मगच वरची सुतळी, तार आणि गोणपाट जितके काढता येईल तितके काढा. खोडाभोवतीची नायलॉनची दोरी राहून गेली तर पुढे ती सालीत रुतते.

भर घालताना खड्ड्यातून निघालेली माती तीच परत घाला. कंपोस्ट, वाळू, कोकोपीट यांचे मऊ मिश्रण भरले तर खड्डा एखाद्या कुंडीसारखा होतो: मुळे त्या मऊपणातच फिरत राहतात आणि आजूबाजूची जमीन घट्ट असल्याने पाणीही तिथेच गोळा होते. तळाला खडी घालण्याचा जुना सल्लाही विसरा. बारीक मातीतून खडीत पाणी सहज उतरत नाही, ते वरच थांबते. रासायनिक खत पहिल्या वर्षी अजिबात नको.

एक भर मात्र कधी कधी खरोखर मोलाची ठरते. पाइन, स्प्रूस, फर यांची मुळे ठरावीक बुरशींच्या सोबतीने जगतात. बुरशी मातीतून पाणी आणि स्फुरद मुळांना पोचवते, झाड तिला साखर देते. प्युर्टो रिको बेटावर पाइन मुळात नव्हते. तिथे लावलेली रोपे पिवळी आणि खुरटी राहून मरत होती. पाइनच्या जंगलातली माती आणून मुळांशी घातल्यावर ती वाढीला लागली. रोपवाटिकेतल्या रोपाच्या मुळांवर ही बुरशी बहुतेक वेळा आधीच असते, म्हणून हुंडी धुऊन मुळे उघडी करायच्या भानगडीत पडू नये. ज्या जमिनीत आजवर असे झाड कधीच नव्हते, तिथे निरोगी पाइनखालची ओंजळभर माती मुळांलगत घालायला हरकत नाही. आजारी झाडाखालची मात्र चुकूनही नको.

वेळ? जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे वसंताच्या सुरुवातीला, नाहीतर गोठण्याआधी निदान सहा-आठ आठवडे हाती असताना. जिथे पाऊस ठरावीक महिन्यांत येतो तिथे पावसाच्या तोंडावर, जमिनीला वाफसा असताना.

लावणीच्या दिवशी काय कापायचे

मुळे तुटली आहेत, तेव्हा तोल साधायला वरचा तिसरा हिस्सा छाटा, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो ऐकू नका. नवी मुळे धरायला लागणारे अन्न याच सुयांत तयार होते, आणि शेंड्यांच्या कळ्यांतून खाली उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक मुळांच्या वाढीला चालना देते. वरचे कापून आपण खालच्याची शिदोरी काढून घेत असतो.

त्या दिवशी फक्त तीन गोष्टी काढा: मेलेली डहाळी, वाटेत मोडलेली फांदी, आणि दुसरा मुख्य शेंडा. हा दुसरा शेंडा पेन्सिलीएवढा बारीक असतानाच काढण्यात शहाणपण आहे. तो राहिला तर पुढे दोन खोडांचा बेचका तयार होतो, दोघांमध्ये साल दाबली जाते आणि वादळात झाड तिथूनच उभे चिरते. जो शेंडा सरळ खोडाच्या रेषेत आहे तो ठेवा, दुसरा जिथून फुटला आहे तिथेच कापा. तो एव्हाना जाड झाला असेल तर यंदा निम्म्यावर आणा, बाजूच्या जिवंत फांदीपर्यंत. त्याचा जोर मोडला की पुढच्या वर्षी पूर्ण काढा.

काप कसा द्यायचा तेही सांगतो. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा जरा फुगीर कंगोरा असतो. काप त्याच्या लगेच बाहेर, कंगोऱ्याला न दुखावता. खोडाला चाटून कापले तर जखम मोठी होते, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जखमेला रंग, डांबर, काही लावायचे नाही. झाडाची राळ आपणहून तिथे येते. तीच राळ सिकेटरच्या (छाटणीच्या कात्रीच्या) पात्यांवर चिकटून बसते. टर्पेंटाइनने किंवा ७० टक्के अल्कोहोलने पाती पुसा. अल्कोहोलने एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे नेणेही टळते.

पाणी

लावलेली सूचिपर्णी झाडे बहुतेक वेळा तहानेने मरतात, आणि गंमत नव्हे, पण त्यांच्या मालकाला ते कळेपर्यंत महिना उलटलेला असतो. रुंद पानाचे झाड तहानले की मान टाकते. सुया मान टाकत नाहीत. मेलेले झाडही आठवडेच्या आठवडे हिरवे दिसत राहते. सुया तपकिरी झाल्यावर पाणी वाढवणे म्हणजे उशिरा आलेली मदत.

मूळ अडचण अशी: पहिले काही महिने झाडाची सगळी मुळे हुंडीतच असतात. हुंडीतले माध्यम बहुधा हलके असते, त्यातले पाणी सुया भराभर ओढून घेतात आणि बाजूच्या जमिनीतली ओल हुंडीत लवकर शिरत नाही. त्यामुळे शेजारची माती ओली आणि हुंडी खडखडीत कोरडी, हे नेहमीचे दृश्य आहे. पाणी खोडापासून हुंडीच्या कडेपर्यंत द्या, फक्त बाहेरच्या आळ्यात नको. आणि ओल तपासायची तर बोट हुंडीत घाला, ५ ते ८ सेंमी खोल.

किती द्यायचे, याचा चांगला ठोकताळा खोडाच्या जाडीवरून निघतो. जमिनीपासून १५ सेंमी उंचीवर खोडाचा व्यास मोजा. दर सेंमीला साधारण दीड ते दोन लिटर पाणी एका वेळेस. म्हणजे अडीच सेंमी जाडीच्या रोपाला ४ ते ५ लिटर. पहिले दोन आठवडे रोज, मग बाराव्या आठवड्यापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी, त्यानंतर आठवड्यातून एकदा, पाऊस धरून. जड चिकण जमिनीत अंतर वाढवा, रेताड जमिनीत कमी करा. शेवटचा शब्द बोटाचा: हुंडी ओली लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

हे किती काळ चालवायचे? थंड हवेत खोडाच्या दर अडीच सेंमी जाडीला एक ते दीड वर्ष धरा. जिथे मुळे वर्षभर वाढत राहतात अशा उष्ण हवेत तीन-चार महिनेही पुरतात. जाड खोडाचे मोठे झाड लावले असेल तर ही जबाबदारी कित्येक वर्षांची होते, लहान रोप घ्या म्हणण्यामागचे हे दुसरे कारण.

हिमाच्या प्रदेशात आणखी एक संकट असते. जमीन गोठलेली, मुळांना पाणी नाही, आणि वर ऊन-वाऱ्यात सुया बाष्प सोडतच राहतात. वसंतात वाऱ्याकडची बाजू तपकिरी दिसते ती यामुळे. जमीन गोठण्याआधी भरपूर पाणी द्या आणि वाऱ्याच्या बाजूला काठ्या रोवून गोणपाटाचा आडोसा करा. झाडाला गोणपाट गुंडाळण्यापेक्षा हा बरा.

आच्छादन आणि टेकू

झाडाभोवती मीटरभर व्यासाचे वर्तुळ गवतापासून मोकळे ठेवा. गवताची मुळे वरच्या थरातले पाणी आधी उचलतात. त्या वर्तुळात सालीचे तुकडे किंवा पाइनच्या गळलेल्या सुया ५ ते १० सेंमी पसरा, पण खोडापासून चार बोटे जागा सोडून. खोडाला टेकवून रचलेला ढीग साल सडवतो आणि उंदरांना आसरा देतो. गवत कापायच्या यंत्राची दोरी खोडाला लागून साल निघणे हाही रोपाचा एक मोठा शत्रू, आणि मोकळे वर्तुळ त्यापासूनही वाचवते.

टेकू शक्यतो नको. वाऱ्यात हलणारे खोड बुडाशी जाड होते आणि मुळे पक्की धरते. घट्ट बांधलेले खोड काठीवर विसंबून बारीक राहते. जागा फार वाऱ्याची असेल किंवा हुंडी हलत असेल, तरच खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, रुंद मऊ पट्टीने, खोड थोडे डुलेल असे बांधा. वर्षभराने काढा.

दुसऱ्या वर्षापासूनची छाटणी

पहिले वर्ष सरले, नव्या फुटव्यांची लांबी वाढलेली दिसू लागली, की झाडाने जमीन धरली असे समजावे. आता आकाराचा विचार करता येतो.

पाइनची छाटणी कात्रीने कमी आणि बोटांनी जास्त होते. वसंतात प्रत्येक फांदीच्या टोकाला फिकट, उभ्या मेणबत्त्यांसारखे कोंब येतात. ते लांबलेले आहेत पण त्यांच्यावरच्या सुया अजून उघडलेल्या नाहीत, हे मोजके दिवस छाटणीचे. कोंब चिमटीत धरून तिसरा हिस्सा ते निम्मा मोडा. मोडल्या जागेखाली त्याच हंगामात नव्या कळ्या बसतात आणि पुढच्या वर्षी एका टोकाची अनेक टोके होतात. कात्रीने कापले तर जवळच्या बाळसुयांची टोकेही कापली जातात आणि तपकिरी पडतात, म्हणून बोटे बरी. हे दिवस हुकले आणि कोंब कडक झाला की त्या वर्षी सोडून द्या. पक्क्या झालेल्या कोंबाला मधे कापले तर तिथे कळी बसत नाही. मधल्या मुख्य मेणबत्तीला शक्यतो हात लावू नका. ती फारच लांबली आणि मजल्यांत मोठे अंतर पडत असेल तर थोडी आखूड करा, पण बाजूच्या कोंबांपेक्षा ती उंचच राहिली पाहिजे.

स्प्रूस आणि फर थोडे सोपे. त्यांच्या गेल्या वर्षीच्या फांदीवर टोकाखेरीज बाजूलाही कळ्या असतात. हिवाळ्याच्या अखेरीस, कोंब फुटण्याआधी, एखाद्या बाजूच्या कळीच्या अर्धा सेंमी वर कापा. पुढची वाढ त्या कळीच्या दिशेने जाईल, म्हणून बाहेर तोंड असलेली कळी निवडा. अरोकेरियाची फांदी टोकाला कापली की ती तेवढीच राहते आणि त्याची सगळी शोभा समतोलात आहे, तेव्हा वाळलेल्या फांद्यांपलीकडे त्याला छाटणीच नको.

थुजा, सायप्रस आणि जुनिपरला वाढीच्या काळात हलकी कातरणी चालते, फक्त हिरव्या भागात. एकदम सरसकट कवच कातरण्यापेक्षा लांब टोके आत हात घालून, वरच्या फांदीने झाकली जातील अशा जागी कापली तर झाड नैसर्गिक दिसते आणि आत उजेडही पोचतो. कडक उन्हाच्या दिवसांत कातरू नका, आतली सावलीतली पाने भाजतात. कुंपण करायचे असेल तर बाजू दुसऱ्या वर्षापासूनच थोड्या थोड्या कातरा. वरचा शेंडा मात्र हवी ती उंची येईपर्यंत ठेवा. आणि कुंपण खाली रुंद, वर अरुंद असे धरा, नाहीतर खालच्या भागाला ऊन मिळत नाही आणि तो उघडा पडतो.

कुठल्याही गटात कोवळ्या झाडाची एका वर्षात चौथाईहून जास्त हिरवाई काढू नये. मी तर म्हणेन, दहावा हिस्सा काढायची गरज पडली तरी दोनदा विचार करा.

खालच्या फांद्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. खाली मोकळे दिसावे म्हणून त्या लवकर उडवल्या जातात. या फांद्या खोडाच्या बुडाला अन्न पुरवतात, खोड खाली जाड आणि वर निमुळते होते ते त्यांच्यामुळे. जमिनीवर सावली धरून मुळांची ओलही त्या राखतात. एकदा काढल्या की परत येत नाहीत. वाटेवर येणारी एखादी फांदी आखूड करा, बाकीच्या राहू द्या. पुढेमागे खालून खोड मोकळे करायचेच ठरले, तरी झाडाच्या उंचीच्या निदान दोन तृतीयांश भागात फांद्या राहिल्या पाहिजेत.

शेंडा मोडला तर

पक्षी बसून, गारपिटीने, किंवा ने-आण करताना मुख्य शेंडा मोडतो आणि झाड वाया गेले असे वाटते. कोवळ्या झाडाच्या बाबतीत बहुधा तसे नसते. शेंडाकळी बाजूच्या फांद्यांना दाबून आडवे ठेवत असते. ती गेली की वरच्या चक्रातल्या फांद्या हळूहळू वर वळू लागतात. प्रश्न एवढाच की एकाच वेळी तीन-चार जणी शेंडा व्हायला धावतात, आणि आपण त्यातली एक ठरवायची असते.

मोडका भाग सगळ्यात वरच्या चक्राच्या थोडे वर स्वच्छ कापा. त्या चक्रातली सगळ्यात जोमदार फांदी निवडा. एक सरळ बांबूची काठी खोडाला दोन ठिकाणी बांधा, अशी की तिचे वरचे टोक खोडाच्या वर ३० ते ४० सेंमी राहील. निवडलेली फांदी हळू वाकवत काठीला उभी बांधा. सुतळी किंवा कापडी पट्टी वापरा, तार नाही. एकदम उभी होत नसेल तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने वर घ्या, फांदी कोवळी असताना हे सोपे जाते. चक्रातल्या बाकीच्या फांद्यांची टोके, हिरव्या भागात आणि बाजूच्या कळीवर, तिसऱ्या हिश्शाने आखूड करा म्हणजे त्यांचा हट्ट कमी होईल. दर दोन महिन्यांनी बांधणी सैल करून पाहा. एक-दोन हंगामांत फांदी आपल्या बळावर उभी राहते आणि काही वर्षांनी वळण कुठे होते ते शोधूनही सापडत नाही.

अरोकेरियात हा उपाय लागू पडत नाही. त्याची आडवी फांदी उभी बांधली तरी स्वभावाने आडवीच राहते. तिचे कलम केले तर तेही जमिनीलगत आडवे वाढते. तिथे मोडलेल्या जागेखाली खोडातून नवा उभा कोंब निघतो का याची वाट पाहायची, आणि एकाहून जास्त निघाले तर एकच ठेवायचा.

देवदार आणि हेमलॉक यांचा शेंडा मुळातच झुकलेला असतो. तो मोडलेलाही नसतो आणि आजारीही नसतो, त्याला काठी बांधून ताठ करायला जाऊ नका.

तपकिरी सुया वाचायला शिका

आतल्या, खोडाजवळच्या सुया पिवळ्या पडून गळत असतील आणि टोके हिरवी असतील तर ते बहुधा म्हातारपण आहे. पाइनची सुई साधारण दोन ते चार वर्षे जगते, स्प्रूसची त्याहून बरीच जास्त. टोकाकडून आत तपकिरी होत येत असेल तर मुळांकडे पाहा: हुंडी कोरडी आहे की पाण्यात बुडाली आहे. दोन्हींची लक्षणे वर सारखीच दिसतात, म्हणून बोट घातल्याशिवाय पाणी वाढवू नका. सुया धुरकट, ठिपकेदार आणि मळकट दिसत असतील तर खाली पांढरा कागद धरून डहाळी झटका. कागदावर ठिपक्यांएवढे जीव चालू लागले तर ती कोळी (माइट) ही कीड आहे. पाण्याचा जोरदार फवारा सुयांच्या खालच्या बाजूने दर तीन-चार दिवसांनी मारल्यावर सुरुवातीचा प्रादुर्भाव बराचसा आटोक्यात येतो.

फांदी मेली की जिवंत आहे अशी शंका असेल तर साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवे, ओलसर दिसले तर कात्री बाजूला ठेवा आणि पुढचा फुटवा येईपर्यंत थांबा. कोरडे तपकिरी दिसले तर जिवंत भागापर्यंत कापत या.

तिसऱ्या वर्षी, एखाद्या पावसानंतर माती मऊ असताना, आच्छादन बाजूला सारून खोडाच्या बुडाशी बोटे फिरवा. पाया वर दिसतो आहे का, की वर्षांच्या आच्छादनाने पुन्हा गाडला गेला आहे? गाडला असेल तर माती मागे ओढा. खोडाला आडवे चिकटून चाललेले एखादे मूळ हाताला लागले आणि ते अजून करंगळीएवढे असेल, तर धारदार छिन्नीने खोडापासून थोड्या अंतरावर दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाका. खोडावर जुन्या बांधणीचा व्रण किंवा राहून गेलेली दोरी आहे का तेही त्याच वेळी पाहा, आणि आच्छादन चार बोटे सोडून परत पसरा.